क्यूबसॅटचे थर्मल मॉडेल: एका नोडपासून व्हॅक्यूम चेंबरपर्यंत

दहा सेंटिमीटर बाजूच्या उपग्रहाचे तापमान काढायचे ठरले की बहुतेक जण आधी सीएडी फाइल उघडतात आणि हजारो नोडची (प्रत्येकी एकाच तापमानाच्या समजलेल्या तुकड्यांची) जाळी टाकतात. दोन आठवड्यांनी रंगीत चित्र मिळते, पण बॅटरी शून्याखाली का गेली ते कोणालाच सांगता येत नाही. काम उलट्या क्रमाने करायचे असते. आधी कागदावर एक नोड, मग दहा-बारा नोड, आणि गरज उरली तरच मोठी जाळी. कारण या आकाराच्या उपग्रहात चूक सहसा जाळीत नसते. ती पृष्ठभागाच्या आकड्यांत, स्क्रूच्या सांध्यांत आणि विजेच्या हिशोबात असते.

खाली एका १यू क्यूबसॅटचे (दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाकार उपग्रहाचे) उदाहरण सुरुवातीपासून चालवले आहे. कक्षा वर्तुळाकार, उंची ५०० किमी. हेच आकडे तुमच्या स्प्रेडशीटमध्ये टाका आणि तीच उत्तरे येतात का ते पाहा. ती आली की मग आपले आकडे घाला.

कक्षेचे गणित

पृथ्वीची त्रिज्या ६३७८ किमी धरली तर कक्षेची त्रिज्या ६८७८ किमी होते. पृथ्वीचा गुरुत्व स्थिरांक (GM) ३,९८,६०० घन किमी प्रति सेकंद वर्ग घेतल्यावर एका फेरीला ५६७७ सेकंद, म्हणजे ९४.६ मिनिटे लागतात.

यानंतर बीटा कोन हवा. सूर्याकडे जाणारी दिशा आणि कक्षेचे प्रतल यांच्यातला हा कोन. बीटा शून्य असताना सावली सर्वांत लांब पडते. ६३७८ ÷ ६८७८ = ०.९२७ आणि याचा व्यस्त साइन ६८ अंश येतो. म्हणून ३६० पैकी १३६ अंश, म्हणजे फेरीचा ३७.८ टक्के किंवा सुमारे ३५.७ मिनिटे उपग्रह अंधारात असतो. हाच ६८ अंश आणखी एक गोष्ट सांगतो: बीटा त्यापुढे गेला की सावली लागतच नाही. बीटा कायम एक राहत नाही. अवकाश स्थानकावरून सोडलेल्या उपग्रहाच्या कक्षेचा कल ५१.६ अंश असतो आणि पृथ्वीचा अक्ष २३.४ अंश कललेला आहे, म्हणून त्याचा बीटा ७५ अंशांपर्यंत चढतो. काही आठवड्यांतच तो शून्यावरून टोकाला जाऊन परत येतो. एकाच बीटासाठी केलेले मॉडेल म्हणजे अर्धेच काम.

सावली दंडगोलाकार धरली तरी चालते. ५०० किमी उंचीवर अर्धवट सावलीचा पट्टा ओलांडायला साधारण ८ सेकंद लागतात आणि उपग्रहाला थंड व्हायला तासभर. उपछायेचे बारीक गणित लिहीत बसण्यात हशील नाही.

एक नोड, एक स्प्रेडशीट

संपूर्ण उपग्रह एकाच तापमानाचा गोळा समजा. वस्तुमान १.२ किलो, सरासरी विशिष्ट उष्मा ८०० जूल प्रति किलो प्रति केल्व्हिन, म्हणून उष्माधारकता ९६० जूल प्रति केल्व्हिन. सहा बाजूंचे एकूण क्षेत्रफळ ०.०६ चौ.मी. सर्व बाजूंची मिळून सरासरी शोषकता (पडलेल्या उन्हाचा किती भाग शोषला जातो) ०.७५ आणि उत्सर्जकता (पूर्ण काळ्या पृष्ठभागाच्या तुलनेत किती उष्णता प्रारणाने बाहेर जाते) ०.८२ धरू.

उपग्रह कोणत्याही दिशेने गडबडा लोळत असेल, तर सूर्याला दिसणारे सरासरी क्षेत्रफळ एकूण क्षेत्रफळाच्या एक चतुर्थांश असते. कोणत्याही बहिर्वक्र आकाराला हा नियम लागू आहे. इथे ते ०.०१५ चौ.मी. येते. पृथ्वी मात्र जवळ आहे आणि आकाशाचा मोठा भाग व्यापते. लोळणाऱ्या उपग्रहासाठी तिचा दृश्यांक (पृष्ठभागाला दिसणाऱ्या भोवतालात तिचा वाटा) ०.३१३ येतो, म्हणजे पृथ्वीकडून येणारी उष्णता ०.०६ × ०.३१३ = ०.०१८८ चौ.मी. क्षेत्रावर पडते असे समजा.

आता फेरीच्या सरासरीने येणारे वॉट, बीटा शून्य असताना:

थेट सूर्य: ०.७५ × १३६१ × ०.०१५ × ०.६२२ = ९.५ वॉट. १३६१ म्हणजे उन्हाचे वॉट प्रति चौ.मी., शेवटचा गुणक उन्हात घालवलेल्या वेळेचा.

पृथ्वीवरून परावर्तित होणारे ऊन, म्हणजे अल्बेडो: ०.७५ × ०.३ × १३६१ × ०.०१८८ × ०.३१८ = १.८ वॉट. ०.३ हा परावर्तनाचा वाटा, ०.३१८ म्हणजे १ भागिले पाय (π). उजेडाच्या बाजूला कोसाइनने वाढणारा आणि कमी होणारा प्रकाश पूर्ण फेरीवर पसरवला की तो मिळतो.

पृथ्वीचे अवरक्त प्रारण: ०.८२ × २४० × ०.०१८८ = ३.७ वॉट. २४० म्हणजे त्याचे वॉट प्रति चौ.मी. हे रात्रंदिवस चालू. आणि इथे शोषकता नाही, उत्सर्जकता लावायची. ही चूक इतकी सर्रास होते की दुसऱ्याचे मॉडेल तपासताना आधी हीच ओळ पाहावी.

बेरीज १५.० वॉट. बाहेर जाणारी उष्णता = ०.८२ × (५.६७ ÷ १० कोटी) × ०.०६ × तापमानाचा चौथा घात. कंसातला आकडा म्हणजे स्टीफन-बोल्ट्झमन स्थिरांक; पुढे ‘स्थिरांक’ म्हणजे हाच. दोन्ही बाजू जुळवल्या की तापमान २७१ केल्व्हिन, म्हणजे उणे २ °से.

इलेक्ट्रॉनिक्सची उष्णता कुठे गेली, असा प्रश्न पडला असेल तर तो योग्यच आहे. एका नोडच्या मॉडेलमध्ये ती वेगळी मिळवायची नाही. सोलर सेल उन्हातून जी वीज काढतो ती आतच खर्च होऊन उष्णता बनते. अँटेनातून बाहेर गेलेला रेडिओ तरंग तेवढा वजा. शोषकता पूर्ण ठेवायची आणि वर दीड-दोन वॉटही घालायचे, तर तीच वीज दोनदा मोजली जाते. १यू उपग्रहाची सरासरी वीजनिर्मिती दोन वॉटच्या आसपास असते. १५ वॉटच्या हिशोबात एवढी चूक म्हणजे जवळजवळ ९ अंशांचा फरक.

हा अंदाज तोंडपाठ ठेवण्यासारखा आहे. तापमान उष्णतेच्या चौथ्या मुळाने बदलते, म्हणून शोषलेली उष्णता १० टक्के बदलली की तापमान अडीच टक्के बदलते, आणि २७१ केल्व्हिनचे अडीच टक्के म्हणजे सुमारे ७ अंश. कोणी शोषकतेत ०.०५ ची शंका काढली तर संगणक न उघडता त्याचे उत्तर देता येते.

आता चढउतार. सावलीत फक्त ३.७ वॉट येतात आणि १२ ते १८ वॉट बाहेर जातात. सरासरी ११ वॉटची तूट २१४५ सेकंद चालली की २४,००० जूल जातात. ते ९६० ने भागले की २५ अंश. म्हणजे उपग्रह साधारण अधिक ११ ते उणे १५ °से यांच्यात झुलत राहील. वजन निम्मे केले तर हा झोका जवळपास दुप्पट होतो, पण सरासरी तिथेच राहते. सरासरी ठरते पृष्ठभागावरून, झोका ठरतो वस्तुमानावरून. तक्रार कशाची आहे हे आधी ओळखा, मग रंग बदलायचा की वजन वाढवायचे ते ठरवा.

पृष्ठभागाचे आकडे

शोषकता सूर्याच्या तरंगलांबीसाठी, उत्सर्जकता अवरक्तासाठी. तापमान ठरते ते दोन्हींच्या गुणोत्तरावरून. सुरुवातीला वापरता येतील असे आकडे:

त्रिसंधी सोलर सेल, काचेसह: शोषकता ०.९, उत्सर्जकता ०.८५.
काळे ॲनोडाइज: ०.८ आणि ०.८५ च्या आसपास, पण बॅचनुसार बदलते.
पांढरा थर्मल रंग, ताजा: ०.२ आणि ०.९.
उघडे, साफ ॲल्युमिनियम: ०.१५ आणि ०.०५.

शेवटची ओळ नवख्यांना फसवते. चकाकणारा धातू थंड राहतो हा जमिनीवरचा अनुभव. तिथे वारा असतो. निर्वातात मागून पूर्ण झाकलेला उघडा ॲल्युमिनियमचा पत्रा उन्हात धरला तर ०.१५ × १३६१ भागिले ०.०५ × स्थिरांक, त्याचे चौथे मूळ ५१८ केल्व्हिन येते, म्हणजे २४५ °से. पत्रा घेतो थोडेच, पण टाकू काहीच शकत नाही. म्हणून रेलचे (कडेच्या उभ्या पट्ट्यांचे) उघडे भाग, अँटेनाच्या पट्ट्या आणि न रंगवलेले कंस यांचे क्षेत्रफळ मोजून मॉडेलमध्ये घाला. ‘लहान आहे’ म्हणून सोडू नका.

सोलर सेलच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. वीज काढली जात असेल तेव्हा सेलमध्ये कमी उष्णता राहते. बाहेर उघडणारे पॅनेल, दोन्ही बाजूंनी ०.८५ उत्सर्जकता, थेट ऊन: वीज काढली नाही तर ६३ °से, आणि २८ टक्के कार्यक्षमतेचे सेल ८५ टक्के जागा व्यापून पूर्ण वीज देत असतील तर ३८ °से. पंचवीस अंशांचा फरक. बॅटरी भरली की चार्जर सेलकडून वीज घेणे थांबवतो आणि पॅनेल तापते. म्हणून अनेक नोडच्या मॉडेलमध्ये शोषकता बॅटरीच्या स्थितीला जोडलेली हवी. काढलेली वीज जिथे खर्च होते त्या नोडवर ती मिळवावी आणि पॅनेलवरून तेवढीच वजा करावी. संपूर्ण फेरीत हे जमा आणि वजा जुळले पाहिजेत.

दहा-बारा नोड, आणि त्यांना जोडणारे सांधे

आता सहा बाजूंचे सहा नोड, सांगाड्याचा एक, प्रत्येक पीसीबीचा (सर्किट बोर्डाचा) एक आणि बॅटरीचा एक घ्या. चार कार्ड असतील तर एकूण बारा. १यूसाठी हे पुरते. तीन-चारशे नोड लागतात ते कॅमेऱ्याची लेन्स किंवा एखादा तापणारा घटक बारकाईने पाहायचा असेल तेव्हाच.

पृथ्वीकडे तोंड असलेल्या बाजूचा दृश्यांक ०.८६, क्षितिजाकडे पाहणाऱ्या चार बाजूंचा प्रत्येकी ०.२७, वरच्या बाजूचा शून्य. सूर्यासाठी प्रत्येक बाजूच्या लंबाचा सूर्यदिशेशी कोसाइन घ्या आणि तो ऋण आला की शून्य करा. ते विसरले तर सावलीतली बाजू उणे ऊन शोषते आणि तापमान गोठणबिंदूच्या पार खाली जाते.  

पॅनेलची उष्माधारकता १.६ मिमी एफआर-४ (बोर्डाचा काचतंतू-इपॉक्सी पत्रा), तांबे आणि सेल मिळून ४५ जूल प्रति केल्व्हिनच्या आसपास येते. ते सांगाड्याला चार एम३ स्क्रूंनी बसवले आहे. पातळ पत्र्यावर, निर्वातात, एका लहान स्क्रूमागे ०.१ ते ०.२ वॉट प्रति केल्व्हिन धरून सुरुवात करा. चार स्क्रू, ०.६. उन्हाकडची बाजू १२ वॉट घेते, स्वतः ४ वॉट बाहेर टाकते, उरलेले ८ वॉट स्क्रूंमधून सांगाड्यात जातात. ८ ÷ ०.६ = १३ अंश. म्हणजे ती बाजू सांगाड्यापेक्षा १३ अंशांनी गरम राहील. सांध्याची वाहकता निम्मी निघाली तर २५ अंशांच्या वर. स्क्रू किती आवळला, खाली ॲनोडाइज आहे की उघडा धातू, पत्रा स्क्रूजवळ वाकला का, यांवर हा आकडा सहज दुपटीने हलतो. कुठल्याही कोष्टकातून घेतलेला सांध्याचा आकडा दोन दशांशांपर्यंत लिहिणे म्हणजे स्वतःलाच फसवणे.

पीसीबीच्या चळतीत यापेक्षा मोठा सापळा आहे. कार्डांमध्ये ५ मिमी बाहेरचा आणि ३.२ मिमी आतला व्यास असलेले, १५ मिमी लांबीचे ॲल्युमिनियम स्पेसर लावले. प्रत्येकाची वाहकता १६७ × छेदाचे क्षेत्रफळ ÷ लांबी = ०.१३ वॉट प्रति केल्व्हिन, चारांची मिळून ०.५२. हे उत्तम वाटते. पण उष्णता स्पेसरपर्यंत पोचायची तर बोर्डाच्या जाडीतून जावी लागते. एफआर-४ ची वाहकता जेमतेम ०.३ वॉट प्रति मीटर प्रति केल्व्हिन. स्पेसरच्या कड्याएवढ्या क्षेत्रातून १.६ मिमी जाडी ओलांडताना प्रत्येक कोपऱ्यावर फक्त ०.००२ वॉट प्रति केल्व्हिन मिळतात. चार कोपरे मिळून ०.००९. स्पेसर सोन्याचा केला तरी फरक पडणार नाही.

भोकाला तांब्याचा मुलामा असेल आणि तो आतल्या ग्राउंड थराला जोडलेला असेल तर चित्र पालटते. २५ मायक्रॉन जाडीची तांब्याची नळी एकटी ०.०६ वॉट प्रति केल्व्हिन वाहून नेते, म्हणजे एफआर-४ च्या जवळजवळ तीसपट. एक वॉट उष्णता टाकणारे कार्ड घ्या. बोर्डाच्या दोन्ही तोंडांवरून शेजाऱ्यांकडे प्रारणाने जाणारी वाहकता ०.०७ धरली, तर मुलामा नसलेल्या भोकांसह ते भोवतालापेक्षा १२-१३ अंशांनी तापते. मुलामा असला तर सव्वाचार अंशांनी, संपर्काचा रोध न धरता. पहिल्या प्रकारात तर स्पेसरपेक्षा प्रारणच जास्त उष्णता नेते. म्हणून आतल्या प्रारणाचे दुवे वगळू नका आणि थर्मल मॉडेल करणाऱ्याने पीसीबी काढणाऱ्याला भोकांबद्दल लेआउट पक्का होण्याआधी गाठावे.

बोर्डाच्या पृष्ठभागालगतची वाहकता तांब्याच्या थरांवर ठरते. ३५ मायक्रॉनचे दोन अखंड थर १.६ मिमीत असतील तर ३९० × ७० ÷ १६०० = १७ वॉट प्रति मीटर प्रति केल्व्हिन. थर कापलेले, तुटक असतील तर हा आकडा अर्ध्याखाली जातो.

ट्रान्समीटरचा हिशोब वेगळा करा. एक वॉट बाहेर फेकणारा आणि ३३ टक्के कार्यक्षमतेचा पॉवर ॲम्प्लिफायर तीन वॉट घेतो, दोन वॉट आत तापवतो. दहा मिनिटांचा संपर्क म्हणजे १२०० जूल. ६० जूल प्रति केल्व्हिनच्या बोर्डाला बाहेर जायला वाट नसेल तर तो २० अंशांनी चढतो. सरासरी काढली तर हे दिसतच नाही, म्हणून उष्णतेचे वेळापत्रक मिनिटामिनिटाचे घाला.

वेळेची पायरी

साध्या पद्धतीत नवे तापमान = जुने + पायरी × निव्वळ वॉट ÷ उष्माधारकता. ही पद्धत स्थिर राहायची तर पायरी प्रत्येक नोडच्या ‘उष्माधारकता भागिले त्याच्या सर्व दुव्यांची बेरीज’ यापेक्षा लहान हवी. प्रारणाचा दुवा ४ × उत्सर्जकता × स्थिरांक × क्षेत्रफळ × तापमानाचा घन असा मोजायचा. वरच्या पॅनेलसाठी ४५ ÷ ०.७ = ६४ सेकंद. १० सेकंदांची पायरी सुखाने चालेल. पण २ जूल प्रति केल्व्हिनची तांब्याची पट्टी १ वॉट प्रति केल्व्हिनने जोडली की मर्यादा २ सेकंदांवर येते आणि १० सेकंदांची पायरी घेतली की तापमान एका पायरीला वर, दुसरीला खाली असे वाढत वाढत हजारो अंशांवर जाते. असे दिसले की भौतिकशास्त्रात चूक शोधू नका, सर्वांत हलका नोड शोधा. त्याला शेजाऱ्यात विलीन करा किंवा अंतर्निहित (इम्प्लिसिट) पद्धत वापरा.

पायथनमध्ये सायपायचा तयार सॉल्व्हर घ्यायचा तर बीडीएफ किंवा राडाऊ पद्धत निवडा आणि कमाल पायरी ३० सेकंदांवर बांधा. नाहीतर स्वतः पायरी वाढवणारा सॉल्व्हर शांत भागात लांब उडी मारतो आणि सावलीत शिरण्याचा क्षण किंवा पाच मिनिटांचे ट्रान्समिशन सरळ ओलांडून जातो.

सुरुवातीचे तापमान काहीही घ्या, पण पहिल्या फेऱ्या फेकून द्या. एका नोडच्या उदाहरणात कालस्थिरांक (उष्माधारकता भागिले दुव्यांची बेरीज) ७२ मिनिटे आहे. आत वेगळी ठेवलेली बॅटरी असेल तर दहा-बारा फेऱ्याही लागतात. फेरीच्या सुरुवातीचे आणि शेवटचे तापमान प्रत्येक नोडसाठी ०.१ अंशात जुळले की मगच आलेख काढा.

गरम टोक, थंड टोक

सूर्याचा १३६१ वॉट प्रति चौ.मी. हा आकडा सरासरी अंतराचा. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते तेव्हा सुमारे १४०८, जुलैच्या सुरुवातीला १३१७. जुन्या पुस्तकांत १३६७ दिसतो. तो घेतला तर टोके १४१४ आणि १३२२ येतात. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही मिसळू नका एवढेच.

थंड टोक: १३१७, अल्बेडो ०.२२, अवरक्त २२०, बीटा शून्य, नवे पृष्ठभाग, किमान वीजवापर. आपल्या एका नोडला उणे ७.५ °से मिळतात. गरम टोक: १४०८, अल्बेडो ०.३५, अवरक्त २५०, बीटा ७० अंश, सावली नाही. उत्तर १९.५ °से. अल्बेडो आणि अवरक्त दोन्ही टोकाला नेण्याचा मोह टाळा. ढग दाट असले की ऊन जास्त परावर्तित होते, पण ढगांचे थंड माथे अवरक्त कमी टाकतात. दोन्ही एकाच वेळी कमाल नसतात. गरम टोकात पांढऱ्या रंगाची शोषकता मात्र आयुष्याच्या शेवटची घ्या. अतिनील किरणांनी तो पिवळा पडतो आणि ०.२ चे ०.३-०.४ होतात.

मॉडेलच्या उत्तरावर आणखी एक पदर हवा. चाचणीशी न जुळवलेल्या निष्क्रिय थर्मल रचनेसाठी दोन्ही टोकांना १७ अंशांची अनिश्चितता धरण्याची प्रथा अमेरिकी लष्करी मानकातून आली आणि ती शहाणपणाची आहे.

बॅटरी

लिथियम-आयन सेल सहसा उणे २० पर्यंत वीज देतो, पण ० °से खाली तो चार्ज करायचा नाही. थंडीत चार्ज केला तर ऋणाग्रावर लिथियम धातूचा थर बसतो आणि क्षमता कायमची जाते. उपग्रह सावलीतून बाहेर येतो, सर्वांत थंड असतो, आणि नेमके तेव्हाच चार्जिंग सुरू होते.

दोन १८६५० सेलची उष्माधारकता सुमारे ९० जूल प्रति केल्व्हिन. सांगाड्याला ०.०५ वॉट प्रति केल्व्हिनने जोडले तर कालस्थिरांक ३० मिनिटे आणि सांगाड्याचा २५ अंशांचा झोका बॅटरीपर्यंत ११ अंशांचा होऊन पोचतो. पीक प्लास्टिकचे वॉशर घालून दुवा ०.०२ वर आणला तर ७५ मिनिटे आणि झोका ५ अंशांचा. हीटरचा खर्चही उतरतो: थंड टोकाला बॅटरी ५ °से वर राखायला पहिल्या जोडणीत ०.६२ वॉट, दुसरीत ०.२५. दोन वॉट कमावणाऱ्या उपग्रहासाठी हा फरक मोठा आहे. हीटर लागणाऱ्या शक्तीपेक्षा किमान २५ टक्के मोठा निवडा आणि थर्मिस्टर (तापमान मोजणारा रोध) सेलच्या अंगावर चिकटवा, हीटरच्या पट्टीवर नको. पट्टीवर लावला तर तो हीटरचेच तापमान वाचतो आणि सेल थंड राहतो. एका नोडच्या मॉडेलमध्ये हीटरचा काहीच परिणाम दिसणार नाही, कारण त्याची वीज आधीच मोजलेली आहे. ते बरोबरच आहे.

आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी

सूर्य, पृथ्वी आणि अवकाश तिन्ही बंद करा, सर्व नोड ३०० केल्व्हिनवर ठेवा, आतली उष्णता शून्य करा. काही तासांनी एकही नोड हलला तर कुठला तरी दुवा एकतर्फी आहे. मग एकाच नोडमध्ये १ वॉट टाका आणि एकूण ऊर्जा सेकंदाला १ जूलने वाढते का ते पाहा. प्रत्येक पृष्ठभागाच्या दृश्यांकांची बेरीज १ व्हायला हवी. पहिल्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले त्याचा दुसऱ्याकडचा दृश्यांक हे उलट्या गुणाकाराएवढे आले पाहिजे. जुळलेल्या फेरीत आलेली आणि गेलेली ऊर्जा एक टक्क्याच्या आत हवी. शेवटी बारा नोडची सरासरी एका नोडच्या उत्तराशी ताडून पाहा. दोन-चार अंशांचा फरक समजण्यासारखा आहे, वीस अंशांचा नाही. तो असेल तर तीनपैकी एक कारण निघते: सेल्सिअसचा चौथा घात, मिलिमीटरमधले क्षेत्रफळ, किंवा दोनदा मोजलेली वीज.

मग एकेक घटक हलवा: शोषकता आणि उत्सर्जकता ०.०५ ने, सांधे निम्मे आणि दुप्पट, वीजवापर २० टक्क्यांनी. बॅटरीचे तापमान ज्या तीन-चार घटकांनी खरोखर हलते तेच मोजायला पैसे आणि वेळ घाला. ॲनोडाइज केलेल्या त्याच बॅचचा एक तुकडा बाजूला ठेवून त्याची उत्सर्जकता मोजून घेणे हा यातला सर्वांत स्वस्त उपाय.

चेंबरमध्ये

थर्मल बॅलन्स चाचणीला कृत्रिम सूर्य लागतोच असे नाही. पॅनेलवर पातळ फिल्म हीटर चिकटवा, त्यांना माहीत असलेले वॉट द्या आणि भोवतालची भिंत द्रवरूप नायट्रोजनने थंड करा. मॉडेलमध्येही मग सूर्य काढून तेच वॉट आणि भिंतीचे मोजलेले तापमान घाला. दाब एक लक्षांश मिलिबारच्या आसपास किंवा खाली हवा. त्याच्या शंभरपट दाबावर उरलेली हवाच उष्णता वाहून नेते आणि सांधे आहेत त्यापेक्षा चांगले भासतात.

दोन स्थिर बिंदू घ्या, एक गरम, एक थंड, आणि त्यांच्यामधला थंड होण्याचा काळ नोंदवा. तासाला अर्ध्या अंशापेक्षा कमी बदल झाला की स्थिर म्हणा. घाई इथेच नडते: बॅटरी अजून सरकत असते आणि पॅनेल थांबलेले दिसते. थर्मोकपल चिकटवताना पॉलिइमाइड टेपचा तुकडा लहान ठेवा, कारण टेपची उत्सर्जकता चकचकीत धातूपेक्षा कितीतरी जास्त असते आणि मोठा तुकडा तो पृष्ठभागच बदलून टाकतो. तारांची गळतीही मोजा. ०.०८ चौ.मिमी छेदाच्या २० तांब्याच्या तारा, लांबी अर्धा मीटर, टोकांत ६० अंशांचा फरक: ०.०७५ वॉट. थंड बिंदूत आत अर्धाच वॉट सोडला असेल तर ती १५ टक्के चूक झाली. तारा चेंबरच्या आत भिंतीपासून वेगळ्या ठेवून वाटेत हीटरने उपग्रहाच्या तापमानाला आणल्या की गळती जवळजवळ नाहीशी होते.

जुळवणीचा क्रम ठरलेला आहे. स्थिर बिंदूंत उष्माधारकतेचा संबंध नसतो, म्हणून आधी त्यांवरून वाहकता आणि उत्सर्जकता बसवा. मगच थंड होण्याच्या आलेखावरून उष्माधारकता. सेन्सर आठ असतील तर वीस आकडे हलवू नका. हवे ते चित्र मिळेल, पण उड्डाणात ते टिकणार नाही. मोजलेले आणि मॉडेलचे तापमान ३ अंशांत आले की थांबा. त्यासाठी एखाद्या स्क्रूची वाहकता शक्य त्या पल्ल्याबाहेर न्यावी लागत असेल तर तो स्क्रू उघडून बघा. बहुधा खाली वॉशर राहून गेलेला असतो किंवा गॅप फिलरवरचा (सांध्यातली फट भरणाऱ्या उष्णतावाहक पट्टीवरचा) संरक्षक कागद काढायचा विसरलेला असतो.